सरलेले मल्लयुग : कोल्हापूर आणि तोक्यो

मागे पडलेल्या दिवसांविषयी मनाला जी हुरहूर लागते, तिला बहुतेक प्रत्येक भाषेने काही ना काही नाव दिलेले आहे. मराठीत आपण स्मरणरंजन म्हणतो. घरी कोकणी बोलणारे आम्ही लोक ‘उगडास’ म्हणतो. गोव्यात साडेचारशे वर्षे वावरलेल्या पोर्तुगीज भाषेने ‘सावदाद’ हा शब्द मागे ठेवला आहे. जपानी मनुष्य जुने छायाचित्र अगर जुने गाणे समोर आले की ‘नात्सुकाशी’ असे उद्गारतो. शब्द निरनिराळे असले तरी भाव एकच : गेले ते दिवस, आणि राहिल्या त्या आठवणी!

विद्यार्थिमित्रहो, ज्यांची अशी आठवण काढली जाते त्या दोन मल्लयुगांची ओळख प्रस्तुत लेखात करून द्यावयाची आहे. त्यांपैकी एक आपल्या शेजारचे. पेडण्याहून सावंतवाडीमार्गे आंबोलीचा घाट चढावा, किंवा डिचोलीहून दोडामार्गमार्गे तिळारीचा घाट चढावा, म्हणजे ज्या मुलखाची वाट लागते त्या कोल्हापूर प्रांतातील लाल मातीच्या कुस्तीचे ते युग होय. दुसरे दूरचे, जपानातील मिश्र मल्लयुद्धाचे. एक राजाश्रयाने वाढले, दुसरे दूरचित्रवाणीच्या पैशावर वाढले. ती कशी बहरली आणि कशी ओसरली, हे पाहिले असता आठवणींत रमावे कसे याचाही थोडा बोध होतो.

प्रथम कोल्हापूरकडे वळू. राजर्षी शाहू महाराज हे स्वतः कुस्तीचे मोठे षौकी होते. १९०२ साली ते युरोपच्या प्रवासास गेले असता रोम येथील प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले. तसे मैदान आपल्या नगरीत असावे, या इच्छेतून खासबाग मैदान उभे राहिले व १९१२ साली ते कुस्त्यांसाठी खुले झाले. मध्यभागी मातीचा आखाडा आणि सभोवार वर्तुळाकार चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना आहे. सुमारे तीस हजार माणसे बसली तरी शेवटच्या ओळीतील शेतकऱ्यालाही आखाड्यातील पकड दिसावी, हा त्यामागील हेतू. राजा आणि रयत यांनी एकच कुस्ती एकाच वेळी पाहावी अशी ही योजना होती. महाराजांनी गावोगावच्या तालमींना उत्तेजन दिले, पैलवानांच्या खुराकाची सोय लावली आणि उत्तरेकडील नामांकित मल्लांना करवीरनगरीत आणले. जातिभेदाच्या त्या काळात आखाड्याच्या मातीवर पैलवानाची जात विचारली जात नसे, ती ताकद आणि डाव विचारी. ही गोष्ट शाहू महाराजांच्या एकंदर कार्याशी सुसंगतच म्हटली पाहिजे.

आखाड्याची माती म्हणजे शेतातील नुसती माती नव्हे. ती चाळून घेतात, तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस इत्यादी मिसळतात आणि वरचेवर खणून ती मऊ ठेवतात. त्यामुळे पडणाऱ्याला इजा कमी होते आणि घामाने निसटणारी पकड मातीने घट्ट बसते. पहाटे उठून जोर-बैठका काढाव्यात, वस्तादाच्या देखरेखीखाली जोड करावी, दूध, तूप व बदामाची थंडाई घ्यावी आणि लंगोटाचा नेम पाळावा, अशी तालमीची दिनचर्या असे. जुनी कुस्ती ‘निकाली’ असे. म्हणजे घड्याळाकडे पाहून गुण मोजण्याचा प्रकार तीत नसे. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावून त्याला आस्मान दाखवीपर्यंत ती चाले. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, एकचाक ही डावांची नावे लहान पोरांच्याही तोंडी असत. हलगी कडाडू लागली, पैलवानाने शड्डू ठोकला, की बांधावरचा मनुष्यसुद्धा पुढे कोणता डाव पडणार याची अटकळ बांधू लागे.

खासबाग मैदानाच्या उद्घाटनाच्या वेळी जी पहिली मोठी कुस्ती झाली, तीत जगप्रसिद्ध गामा पैलवानाचा बंधू इमामबक्ष हा एक जोडीदार होता. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण याच घराण्याच्या द्वारा आपण जपानात जाऊन पोहोचतो. फाळणीनंतर हे घराणे पाकिस्तानात राहिले. इमामबक्षाचा पुत्र अक्रम ऊर्फ अक्की याने १९७६ सालच्या डिसेंबरात कराची येथे एका जपानी मल्लाशी झुंज घेतली. तीत त्याच्या हाताला गंभीर इजा झाली आणि तो पराभूत झाला. तीन वर्षांनी, १९७९ साली, इमामबक्षाचा कोवळा नातू झुबेर ऊर्फ झारा याने लाहोर येथे त्याच मल्लाशी पाच फेऱ्या तुल्यबळ सामना दिला, आणि शेवटी त्या जपानी मल्लाने स्वतः होऊन झाराचा हात उंचावला. प्रतिस्पर्ध्याचा मान राखण्याची ही रीत आमच्या आखाड्यालाही शोभणारीच होती.

या जपानी मल्लाचे नाव अंतोनिओ इनोकी. त्याच १९७६ सालच्या २६ जून रोजी तोक्यो येथे त्याने मुष्टियुद्धाचा जगज्जेता महंमद अली याच्याशी सामना केला होता. मुष्टियोद्धा श्रेष्ठ की मल्ल, हा त्यामागील प्रश्न! पंधरा फेऱ्यांपैकी बहुतेक वेळ इनोकी पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारीत राहिला आणि सामना बरोबरीत सुटला. प्रेक्षकांची निराशा झाली खरी. परंतु निरनिराळ्या युद्धविद्या एकमेकींसमोर उभ्या केल्या तर काय होईल, हे कुतूहल जपानी मनात खोल रुजले. मिश्र मल्लयुद्धाचे बीज ते हेच. या प्रकारात ठोसा, लाथ, फेक, पकड आणि सांधा पिळण्याचा डाव या साऱ्यांना एकाच सामन्यात मुभा असते.

या विद्येचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. जिगोरो कानो या जपानी शिक्षकाने १८८२ साली जुन्या जुजुत्सूतील घातक भाग वगळून ज्यूदोची शाळा स्थापन केली. त्या परंपरेतील मित्सुयो माएदा हा मल्ल जगभर फिरत १९१४ साली ब्राझीलला पोहोचला. तेथील ग्रेसी घराण्याने ही विद्या उचलली आणि जमिनीवर पडूनही लढता येईल अशा रीतीने ती वाढविली. १९९३ साली अमेरिकेत मिश्र मल्लयुद्धाची जी पहिली मोठी स्पर्धा झाली, ती याच घराण्यातील रॉयस ग्रेसी याने जिंकली. पुढे ११ ऑक्टोबर १९९७ रोजी तोक्यो येथे ‘प्राइड’ नावाच्या स्पर्धांस आरंभ झाला, आणि पहिल्याच दिवशी ग्रेसी घराण्यातील रिक्सन याने जपानच्या नोबुहिको ताकादा या लोकप्रिय मल्लाला हरविले. सासरी गेलेली लेक ऐश्वर्य घेऊन माहेरी यावी आणि माहेरच्यांनाच तिने चकित करावे, तसे हे घडले!

पुढील दहा वर्षे जपानात मिश्र मल्लयुद्धाला सुवर्णकाळ लाभला. पिंजऱ्याऐवजी चौकोनी दोरखंडी रिंगण, दहा मिनिटांची लांब पहिली फेरी, नगाऱ्यांच्या गजरात होणारे मल्लांचे आगमन आणि ३१ डिसेंबरच्या रात्री घराघरांतून दूरचित्रवाणीवर पाहिले जाणारे सामने, या साऱ्यांची आठवण तेथील लोक आजही काढतात. परंतु सर्वांत अधिक वाखाणणी होते ती प्रेक्षकांची. सहस्रावधी माणसे बसलेली असताना सभागृह निःशब्द असे. आणि एखाद्या मल्लाने जमिनीवर पडल्यापडल्या कमरेच्या किंचित हालचालीने पकड सोडविली, की एकदम टाळ्या पडत. रक्त पाहून आरोळी ठोकणारा प्रेक्षक वेगळा आणि डाव ओळखून दाद देणारा वेगळा. त्या काळाचा लाडका वीर काझुशी साकुराबा. १ मे २००० रोजी त्याने रॉयस ग्रेसीशी पंधरा-पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या, म्हणजे पूर्ण नव्वद मिनिटे, झुंज दिली. अखेर ग्रेसीच्या पाठीराख्यांनी टॉवेल फेकून हार पत्करली. घड्याळाची पर्वा न करणाऱ्या आपल्या निकाली कुस्तीचीच येथे आठवण व्हावी.

आता प्रश्न असा की अशी युगे निर्माण कशी होतात? केवळ बलवान माणसे निपजली म्हणून होत नाहीत. बलवान माणसे प्रत्येक पिढीत असतात. मल्लयुग हे चुलीप्रमाणे तीन दगडांवर उभे असते : मल्लाला पोसणारा आश्रयदाता, त्याला घडविणारा गुरू आणि त्याला ओळखणारा जाणता प्रेक्षक. यांपैकी एक दगड निसटला की वरचे भांडे कलंडते.

कोल्हापुरात शाहू महाराज १९२२ साली निवर्तले आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय संपला, परंतु वस्ताद होते, प्रेक्षक होते, आणि आश्रयदात्याची जागा भरून काढणारी माणसेही निघाली. खाशाबा जाधव यांचे उदाहरण पाहा. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या या मल्लाला १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले; गावकऱ्यांनी व व्यापाऱ्यांनीही हातभार लावला. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! त्या गटातील सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी याने मिळविले होते. लाल माती आणि जपान यांची गाठ अशी हेलसिंकीतही पडली होती. पुढे राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’चा मान सुरू केला. १९६२ सालच्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर व मारुती माने यांनी प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्यपदक मिळविले. राजा गेला तरी कुस्तीची गादी रिकामी राहिली नाही.

जपानात मात्र पहिलाच दगड कच्चा निघाला. ‘प्राइड’च्या चालकांचे गुंडांच्या टोळ्यांशी संबंध असल्याचे आरोप एका साप्ताहिकाने केले, आणि २००६ सालच्या जून महिन्यात फुजी दूरचित्रवाणीने करार तोडला. द्रव्याचा ओघ आटला. २००७ च्या मार्चमध्ये ही संस्था अमेरिकन प्रतिस्पर्ध्यांच्या मालकांना विकल्याचे जाहीर झाले, आणि त्याच वर्षी जपानातील तिचे काम कायमचे थांबले. मल्ल होते, गुरू होते, प्रेक्षकही होते. पण ज्या धनावर डोलारा उभा होता, त्यावरचाच विश्वास गेल्यामुळे दहा वर्षांचे वैभव वर्षभरात मावळले. २०१५ साली पूर्वीच्या चालकांपैकी एकाने ‘रिझिन’ नावाने पुन्हा सामने सुरू केले. तरीही जुन्या रसिकांना त्यांत जुनेच दिवस शोधावेसे वाटतात.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. आठवण ही सुपासारखी असते. ती पाखडते, पण पुष्कळदा फोल उडविण्याऐवजी दुखरे दाणेच उडवून देते. ‘प्राइड’च्या नियमांत खाली पडलेल्या माणसाच्या डोक्यावर लाथ मारण्यास मुभा होती, हे स्मरणरंजनात सांगितले जात नाही. साकुराबाला आपल्याहून वजनदार मल्लांपुढे वारंवार उभे केले गेले. एकट्या वांदेर्ली सिल्व्हाकडून त्याने तीन वेळा दारुण मार खाल्ला. टाळ्या आमच्या आणि जखमा त्याच्या, असा हा हिशेब! आणि आपणही निर्दोष नाही. ज्या खाशाबांची बैलगाड्यांतून प्रचंड मिरवणूक निघाली, त्यांना उत्तरायुष्यात आर्थिक चणचण सोसावी लागली. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. तोवर अर्धशतक उलटत आले होते. म्हणून एखाद्या युगाची थोरवी ठरविताना मैदानात किती माणसे जमली एवढेच पाहू नये. लोक पांगल्यावर त्या मल्लाच्या घरी काय शिजत होते, हेही विचारावे.

मग काय, जुन्या आठवणी काढूच नयेत? तसे मुळीच नाही. आपल्याकडे जत्रेत दशावतार पाहताना जुनी जाणती मंडळी नटाच्या एका पदन्यासावरून तो कोणाच्या हाताखाली तयार झाला हे ताडतात. अशी माणसे आहेत तोवर ती कला जगते. कुस्तीचेही तसेच. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग करून त्यांतील विजेत्यांना अंतिम कुस्तीत समोरासमोर आणण्याची पद्धत आहे. जुन्याने नव्याशी हात मिळविल्याचेच ते उदाहरण होय. खासबागेत आजही हलगी वाजते.

तेव्हा मित्रहो, आज मोबाइलच्या पडद्यावर कुणाच्या झुंजीचे दृश्य समोर आले, तर कोण पडला एवढेच पाहू नका. कोणत्या डावाने पडला, त्याला तो डाव कोणी शिकविला आणि पडलेल्याला उठविण्यास कोण धावला, हे पाहा. आश्रयदाता होणे प्रत्येकाच्या हाती नसते. गुरू होण्यास तपश्चर्या लागते. परंतु तिसरा दगड, जाणता आणि सहृदय प्रेक्षक, होणे हे पेडणे-डिचोलीच्या शाळेतील प्रत्येक मुलामुलीच्या हाती आहे. तेवढे साधले, तर सरलेल्या युगाचा उगडास केवळ हुरहूर लावून जाणार नाही. येणाऱ्या युगाच्या पायाशी तो कामी येईल.