आतून ओतलेलं घर

समजा, तुमच्या खोलीतली हवा एका क्षणी दगडासारखी घट्ट झाली आणि कोणीतरी चारही भिंती अलगद काढून घेतल्या. मागे काय उभं राहील? (तुम्ही आधी बाहेर पडा, एवढीच अट!)

ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांनी हे चक्क करून दाखवलं. १९९० मध्ये लंडनमधल्या आर्चवे रोडवरच्या एका जुन्या घरातली बैठकीची खोली घेऊन त्यांनी तिच्या भिंतींवर आतून प्लास्टर चढवलं आणि त्याचे सुटलेले तुकडे दुसरीकडे नेऊन जोडले. मोदक करताना आपण साचा उघडून मोदक काढतो ना? इथे साचा म्हणजे खोली आणि मोदक म्हणजे तिच्यातली पोकळी!

आता गंमत पाहा. शेकोटीचा खोलगट कोनाडा बाहेर पोट काढून उभा राहिला, आणि वर्षानुवर्षांची काजळीही प्लास्टरला चिकटून आली. भिंतीतून पुढे आलेल्या विजेच्या बटणाच्या जागी खळगा पडला. म्हणजे हे शिल्प पाहताना तुम्ही नेमके कुठे उभे असता? भिंतीच्या जागी! आयुष्यभर खोलीकडे तोंड करून उभ्या असलेल्या भिंतीला जे दिसत असेल, ते तुम्हाला दिसतं. या शिल्पाचं नाव ‘घोस्ट’.

एका खोलीवर थांबतील तर त्या व्हाइटरीड कसल्या! पूर्व लंडनच्या ग्रोव्ह रोडवर एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांची रांग बागेसाठी पाडली जात होती. तिच्यातलं शेवटचं तीन मजली घर त्यांनी मागून घेतलं. एवढा भार जुना पाया पेलणार नाही, म्हणून आधी नवा पाया घातला. भिंतींना काँक्रीट चिकटून बसू नये म्हणून एक थर फवारला, लोखंडी जाळ्या बसवल्या आणि आतून काँक्रीटचा फवारा मारला. दारं-खिडक्या आतून बंद झाल्यावर कामगार बाहेर कसे पडले असतील? छतातल्या भोकातून! मग काँक्रीट सुकल्यावर बाहेरच्या विटा उतरवल्या. घर गेलं, घरातली जागा तेवढी उभी राहिली.

या शिल्पाचं नाव ‘हाउस’. ऑक्टोबर १९९३ मध्ये ते पूर्ण झालं आणि त्यावरून लंडनमध्ये भांडणं जुंपली. २३ नोव्हेंबरला व्हाइटरीड यांना कलेसाठीचा टर्नर पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आणि त्याच दिवशी स्थानिक परिषदेनं ‘हाउस’ पाडण्याच्या बाजूनं मत दिलं! ११ जानेवारी १९९४ ला ते जमीनदोस्त झालं.

टर्नरची रक्कम होती २०,००० पौंड. काही खोडसाळ मंडळींनी त्याच सुमारास ‘सर्वांत वाईट कलाकार’ म्हणून त्यांना ४०,००० पौंड, म्हणजे बरोबर दुप्पट, देऊ केले. व्हाइटरीड यांनी ते घेतले आणि गरजू कलाकारांना व बेघरांसाठी काम करणाऱ्या ‘शेल्टर’ या संस्थेला देऊन टाकले.