शिवणयंत्र कोणाचं? मार्क्सवादाबद्दलचे काही गैरसमज

"म्हणजे माझा फ्लॅटसुद्धा सरकारजमा होणार?" मार्क्सचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. घोटाळा थोडा शब्दांचा आहे. 'खाजगी मालमत्ता' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राहतं घर, दागिने, गावाकडची दोन एकर जमीन येते. १८४८ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये छापलेल्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात मार्क्स आणि एंगल्स यांनी ही शंका स्वतःच काढून तिला उत्तर दिलं आहे. त्यांचा रोख वापरायच्या चीजवस्तूंवर नाही, गिरण्या, खाणी आणि भांडवल यांच्या मालकीवर आहे. घरात कोपऱ्यात ठेवलेलं शिवणयंत्र वेगळं आणि दोनशे यंत्रांवर दोनशे बायका बसवणारा कारखाना वेगळा. त्याच जाहीरनाम्यात वारसाहक्क रद्द करण्याची मागणी आहे, हे लपवायचं कारण नाही. तशीच मुलांना मोफत सार्वजनिक शिक्षण आणि चढता आयकर याही मागण्या आहेत, आणि त्या आज कोणालाच क्रांतिकारक वाटत नाहीत. अर्थात स्टालिनच्या काळात लहान शेतकऱ्यांच्या जमिनीही जबरदस्तीने सामूहिक शेतीत ओढल्या गेल्या. त्यामुळे शेतकऱ्याची भीती हवेतून आलेली नाही.

'मालक कामगाराला फसवतो, म्हणून नफा होतो.' हे तर मार्क्सच्या समर्थकांच्याही तोंडी असतं. १८६७ मध्ये आलेल्या 'भांडवल'च्या पहिल्या खंडात मार्क्सने मुद्दाम सचोटीचा व्यवहार गृहीत धरला आहे: मजुरी बाजारभावाने, माल वाजवी किमतीला, मापात पाप नाही. तरीही नफा येतो कुठून, हा त्याचा प्रश्न. शर्टांच्या कारखान्याचं एक कल्पित उदाहरण घेऊ. कापड, दोरा, वीज, यंत्राची झीज हे सगळं वजा जाता एक बाई आठ तासांत १,२०० रुपयांची भर घालते. तिची मजुरी ६०० रुपये. म्हणजे मजुरीपुरती भर पहिल्या चार तासांतच पडली. पुढच्या चार तासांतली भर म्हणजे वरकड मूल्य. नफा, व्याज, जागेचं भाडं हे सगळं त्याच्या मते तिथून निघतं. तिने श्रम विकले नाहीत, दिवसभरापुरती श्रमशक्ती, म्हणजे काम करायची क्षमता, विकली. आणि श्रमशक्तीची किंमत निर्वाहाच्या खर्चावर ठरते, तिने घातलेल्या भरीवर नाही. सौदा कायदेशीर आहे, तरी मार्क्स याला शोषण म्हणतो. भला मालक आणून हे सुटत नाही, कारण स्पर्धेत टिकायचं तर त्यालाही तेच करावं लागतं. प्रस्तावनेत तर त्याने एकेकट्या भांडवलदाराला या व्यवस्थेबद्दल जबाबदार धरायचं नाकारलं आहे. मूल्य श्रमातून येतं, हा यामागचा सिद्धांत आजचे बहुतेक अर्थशास्त्रज्ञ मानत नाहीत. वस्तूचं मूल्य ग्राहकाच्या लेखी तिचा उपयोग काय यावर ठरतं, आणि नफ्यात जोखमीचा मोबदलाही असतो, असं त्यांचं म्हणणं.

सगळ्यांना सारखाच पगार? १८७५ मध्ये जर्मन समाजवाद्यांच्या गोथा कार्यक्रमावर टीका करताना मार्क्सने उलट सुनावलं होतं: एकाच्या घरात चार पोरं आणि दुसरा सडाफटिंग असेल, तर सारखी मजुरी ही समानता नव्हे.

सगळ्यांत बदनाम शब्द म्हणजे 'कामगारांची हुकूमशाही'. आपल्याला हुकूमशहा म्हटलं की गणवेश आणि तुरुंग आठवतात. मार्क्सच्या काळात शब्दाला रोमन प्रजासत्ताकातल्या संकटकालीन, मुदतीच्या पदाचीही छटा होती. कामगारांची हुकूमशाही कशी दिसेल याचं उदाहरण म्हणून एंगल्सने १८९१ मध्ये पॅरिस कम्यूनकडे बोट दाखवलं. १८७१ च्या वसंतात जेमतेम ७२ दिवस टिकलेलं ते राज्य: प्रतिनिधी निवडून आलेले, मतदारांना परत बोलावता येणारे, त्यांचा पगार कामगाराइतका. रशियात मात्र १९१७ नंतर थोड्याच वर्षांत एका पक्षाची सत्ता उभी राहिली. तिचा धोका क्रांतीच्या बाजूनेच उभ्या असलेल्या रोझा लुक्झेंबुर्ग यांनी १९१८ मध्येच, जर्मन तुरुंगातून, लिहून ठेवला होता. क्रांतिकारक समाजवाद्यांचं आपसातलं मोठं भांडण आजही याच जागी अडलेलं आहे.

आणि 'धर्म ही लोकांची अफू' हे वाक्य. धर्म म्हणजे नशा, एवढंच आपण मार्क्सच्या तोंडी घालतो. एकोणिसाव्या शतकात अफू हे मुख्यतः वेदनाशामक औषध होतं, आणि त्याच परिच्छेदात मार्क्स धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासाही म्हणतो. मुंबईतल्या गिरणगावाला हे समजावून सांगावं लागलं नसतं. कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या पोराला अफू घातलेली बाळागोळी देत, म्हणजे ते दिवसभर निजून राही. चूक गोळीची म्हणायची की पाळीची?

राहिला आपल्याकडचा गैरसमज: वर्ग आला की जात आपोआप गळते. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या सुमारे सहा महिने बंद होत्या आणि त्याच संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पण जास्त मजुरी देणारं विणकाम खातं अस्पृश्य कामगारांना बंद होतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून सवर्ण विणकऱ्यांना विटाळ वाटे. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे लावून धरला. पुढे १९७८ मध्ये शरद पाटलांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला तो याच प्रश्नापायी, मार्क्सच्या जोडीला फुले आणि आंबेडकर घेऊन.