करवत चौकांत आली

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मूळ घरें नाशिक, वाई, पैठण यांसारख्या नदीकांठच्या जुन्या गांवांत आहेत, त्यांना पावसाळा तोंडावर आला कीं एक काळजी हटकून लागते. माजघराचा कडीपाट मधोमध वांकलेला असतो, माडीवर पाऊल टाकतांच खालीं माती गळते, आणि भाऊबंदांत एक म्हणतो ‘दुरुस्त करूं’, तर दुसरा म्हणतो ‘उतरवून टाकूं’. पंचवटींतील आमच्या वाड्यावर हाच प्रसंग आला. ऑगस्ट २०१९ मध्यें गोदावरीला महापूर आला तेव्हां आमच्या ओटीपर्यंत पाणी चढलें होतें. खांबांचे पाय तेव्हांपासून मऊ पडले, आणि कडीपाटाच्या फळ्या एकेक करून खचत चालल्या. चार घरचीं मंडळी जमलीं, दोन रविवार वाद झाला, आणि अखेर दुरुस्तीच्या बाजूनें कौल पडला. मागच्या अंगणांतला गोठा कधींच रिकामा झाला होता. त्याच्या सागवानी तुळया उतरवून त्यांच्याच फळ्या पाडावयाच्या असें ठरलें.

लाकूड होतें, मिस्त्री होते, पैसेहि जमले. नव्हती ती करवत.

जुनें लाकूड कापून देण्यास वखारवाले सहसा राजी नसतात, हें आम्हांस तेव्हां प्रथम कळलें. कारण सरळ आहे. जुन्या तुळईंत कोठें खिळा मोडून बसला असेल हें वरून दिसत नाहीं, आणि एका खिळ्यानें मोठ्या पात्याचे दांत जातात. शिवाय वाड्याचें काम बाहेरून मापानें करून आणतां येत नाहीं. एका कडीपासून दुसरी कडी कोठें वीतभर, तर कोठें दीड वीत. एक फळी दुसरीच्या मापाची नसते. फळी जागीं धरावी, खूण करावी, कापावी, पुन्हा धरून पाहावी, असें दिवसांतून चाळीस वेळां करावें लागतें. तेव्हां लाकूड करवतीकडे नेण्याऐवजीं करवतच लाकडाकडे आणणें भाग होतें.

खरें पाहतां ही रीत नवी नव्हे. यंत्रें येण्यापूर्वीं करवतच लाकडाकडे जात असे. ओंडका उंच घोडीवर चढवीत. एक माणूस वर उभा राही, दुसरा खालीं, आणि दोघे मिळून लांब करवत वरखालीं ओढीत. भुसा अर्थातच खालच्याच्या डोळ्यांत जाई. कापलेल्या फटींत ते लाकडाची पाचर ठोकीत, म्हणजे फट मिटून करवत अडकत नसे. (ही पाचर वाचकांनीं लक्षांत ठेवावी, पुढें तिचें काम आहे.) यंत्रानें फिरणारी गोल करवत आली आणि हा क्रम उलटला. यंत्र जड, म्हणून तें एका जागीं बसलें, आणि लाकूड त्याच्याकडे जाऊं लागलें. पुढें १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत न्यू ऑर्लिअन्सच्या एडमंड मिशेल यांनीं हातांत धरून चालवावयाची विजेची करवत तयार केली. उंसाच्या मळ्यांतले मजूर कोयता चालवून थकलेले पाहून त्यांस ही कल्पना सुचली असें सांगतात. आज आपल्याकडेहि बांधकामाच्या जागेवर अशीं हातयंत्रें दिसतात. परंतु लांब फळी एकसारख्या रुंदीची चिरावयाची तर हातयंत्रानें तें नीट साधत नाहीं. त्याला मेजच हवें.

आमच्या मिस्त्रींकडे तसें मेज होतें, पण तें सातपूरच्या बाजूला त्यांच्या कारखान्यांत. वर बिडाचा जाड पत्थर म्हणावा असें पृष्ठ, खालीं लोखंडी चौकट, तीन फेजवर चालणारी मोटर, मिळून वजन दोनशें किलोंच्या घरांत. आमच्या गल्लींत हातगाडीहि वळत नाहीं, आणि दिंडींतून चौकांत उतरावयाला पांच पायऱ्या. “अहो, तें तिथंच उगवलंय असं समजा,” मिस्त्री म्हणाले. बोलतांना त्यांनीं उजवा हात हलविला. त्या हाताच्या तर्जनीला वरचें पेर नाहीं.

त्यांच्या मुलाचें म्हणणें निराळें होतें. “बाबा, एवढा खटाटोप कशाला? मी टेबल घेऊन येतो.” त्यानें आणलेलें ‘टेबल’ म्हणजे प्लायवुडचा एक तुकडा. त्याला एक फट पाडून खालून फरशी कापण्याचें लहान यंत्र उलटें बसविलेलें, आणि दगडाच्या पात्याऐवजीं लाकडाचें दांतेरी पातें लावलेलें. अशीं मेजें आज गांवोगांवीं, घराघरांच्या फर्निचरच्या कामांवर सर्रास चालतात, आणि चालविणाऱ्यांच्या चलाखीचें आम्हांस कौतुकहि वाटतें. परंतु हें यंत्र मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतें, तें हातांत धरण्यासाठीं व फरशीसाठीं केलेलें आहे, आणि उलटें बसवितांना त्याचें झांकण काढून टाकावें लागतें.

पहिल्या दुपारीं काम झपाट्यानें चाललें. तिसऱ्या प्रहरीं एक फळी अर्धी चिरली गेली असतांना एकाएकीं उसळली आणि उलटी भिरकावली गेली. चालविणाऱ्याच्या कमरेजवळून जाऊन ती तुळशीवृंदावनावर आदळली. चुन्याचा वीतभर टवका उडाला. घटकेपूर्वीं तेथें आमच्या पुतण्याची पांच वर्षांची मुलगी दोरीवर उड्या मारीत होती. कोणी कांहीं बोललें नाहीं. काकूंनीं मुलीला उचलून आंत नेलें, आणि मिस्त्रींनीं जाऊन विजेचें बटण बंद केलें.

“खालचा माणूस पाचर ठोकायचा,” थोड्या वेळानें ते मुलाला म्हणाले. “तुझी पाचर कुठंय?”

झालें होतें तें असें. लाकडाच्या अंगांत ताण असतो. चीर पडली कीं कित्येकदां दोन्ही भाग पुन्हा जवळ येतात आणि पात्याचा मागचा भाग चिमटींत धरतात. मागचे दांत वर उसळणारे. ते फळी उचलून थेट चालविणाऱ्याच्या अंगावर फेंकतात. दहा इंच व्यासाचें पातें मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या दांतांचा वेग ताशीं सव्वाशें किलोमीटरांहून अधिक पडतो. हात मागें घ्यावयास तेवढ्यांत अवसर कोठला?

पुढचे चार दिवस बापलेक कारखान्यांत होते. जुन्या यंत्रांतलें कोणतें वजन कामाचें आणि कोणतें नुसतें बसलेलें, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. बिडाचें पृष्ठ त्यांनीं मागेंच ठेवलें. दांडा, बेअरिंगें आणि पातें मात्र जुनींच घेतलीं, कारण तीं वर्षानुवर्षें खरीं चाललेलीं. नवें मेज पाणी न लागणाऱ्या प्लायवुडच्या दोन थरांचें, खालीं लोखंडी अँगलची चौकट. त्यावर पट्टी आडवी-तिरपी धरून खालून उजेड दिसतो का, हें तपासण्यांतच अर्धा दिवस गेला. मोटर बिजागरीच्या फळीवर टांगली. तिच्याच वजनानें पट्टा ताणलेला राहतो, आणि न्यावयाच्या वेळीं पट्टा उतरवून मोटर वेगळी उचलतां येते. पाय दुमडणारे, आणि पान्यावांचून फिरावेत म्हणून नट कानांचे. असे तीन नग झाले, सर्वांत जड नग तीस किलोंच्या आंत.

तीन फेजची मोटर आमच्या घरीं चालणार नव्हती, म्हणून दोन अश्वशक्तीची एक फेजची घेतली. ती चालतांना सुमारें १० अँपिअर प्रवाह घेते आणि सुरू होतांना त्याच्या कितीतरी पट. जुन्या वाड्याच्या तारांवर तो भार टाकणें म्हणजे आगीला बोलावणें. तेव्हां वायरमनकडून मीटरपासूनच जाड तारेची स्वतंत्र जोडणी करून घेतली, अर्थिंगसह. विजेच्या या खर्चावरून घरांत कुरबूर झाली, पण वृंदावनाचा टवका सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

हलकें यंत्र हादरतें, आणि जड लाकूड एका अंगाला लोंबलें कीं कलंडतें. त्यावर मुलानें काढलेली तोड आम्हांस फार आवडली. चौकांत पडक्या भिंतीच्या विटा होत्याच. यंत्राच्या पायांमधल्या फळीवर साठेक विटा रचल्या कीं तें जागचें हलत नाहीं. काम संपलें, विटा तेथेंच. वजन वाहून न्यावयाचें नाहीं, जागेवर मागून घ्यावयाचें! पुढें-मागें मेजाच्याच उंचीच्या दोन घोड्या ठेवल्या, म्हणजे फळीचा भार हातांवर येत नाहीं.

आणि पाचर. पात्याच्या मागें, त्याच्याच रेषेंत, एक उभी पोलादी पट्टी बसविली. दांतांनीं पाडलेल्या फटीपेक्षां किंचित् पातळ, पण पात्याच्या अंगापेक्षां किंचित् जाड. फट मिटूं लागली तर ती या पट्टीवर मिटते, पात्यावर नव्हे. वरून झांकण निराळ्या बाहीवर टांगलें, आणि लाकूड शेवटीं हातानें न ढकलतां काठीनें ढकलावयाचें असा दंडक मिस्त्रींनीं घातला. अमेरिकेंत आतां बोटाचा स्पर्श होतांच सेकंदाच्या कांहीं हजारांशांत पातें थांबविणारीं यंत्रें मिळतात. परंतु त्यांची किंमत ऐकून मिस्त्री नुसते हंसले.

काम अकरा दिवस चाललें. तुळया आधीं हातकरवतीनें सात-सात फुटांच्या केल्या. त्यांतले खिळे शोधण्याचें काम मुलांनीं आपणहून घेतलें. दोरीला लोहचुंबक बांधून तीं प्रत्येक तुकड्यावरून फिरवीत आणि सांपडलेला खिळा पितळी डब्यांत टाकीत. यंत्र चालू असतांना मात्र चौकांत कोणीं उतरावयाचें नाहीं, ही काकूंची आज्ञा. सातव्या दिवशीं एक जाड तुकडा अर्ध्यावर असतांना मोटर कण्हूं लागली. फट मिटत होती. फळी जागच्या जागीं राहिली; मुलानें बटण बंद केलें, बापानें खिशांतून लाकडाची पाचर काढून फटींत दोन ठोके दिले, आणि काम पुढें सुरू झालें.

माजघराचा कडीपाट आतां सरळ आहे. जुन्या फळ्यांशेजारीं नव्यानें चिरलेला साग उजळ दिसतो. तो काळवंडावयास कांहीं वर्षें लागतील. यंत्र शेजारच्या गल्लींतल्या एका वाड्यांत गेलें आहे, तीन खेपांत, बापलेकांच्या हातांवर. वृंदावनाचा टवका मात्र अजून भरावयाचा राहिला आहे.