दसऱ्याचे पान : आधी श्रीखंड, मग बाकीचे

पाऊस ओसरून आकाश निवळते, दारोदारी झेंडूची तोरणे लागतात आणि दुपारचे ऊन मात्र अंगाची लाही करते. शरद ऋतूच्या या दिवसांत येणारा दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. ज्यांच्या घरी नवरात्राचे उपवास असतात, त्यांच्या दृष्टीने तर साबुदाणा आणि वरीच्या तांदळानंतरचे हे पहिले भरलेले पान. दुपारी देवापुरता नैवेद्य दाखवायचा आणि सोने वाटून मंडळी परतली की रात्री सर्वांनी एकत्र जेवायचे, ही पद्धत शहरांतील अनेक घरांनी आता स्वीकारली आहे.

श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, एखादी वडी, कोशिंबीर आणि मठ्ठा हा बेत कोणाला नव्याने सांगावयास नको. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. पाने वाढली जातात, श्रीखंडाचे कौतुक होते आणि घरातील एक स्त्री मात्र कढईसमोर घाम पुसत पुऱ्या तळत उभी असते. ती जेवायला बसते तेव्हा भात निवालेला असतो आणि इतरांची पाने उठलेली असतात. पदार्थ कमी करून हे सुटतेच असे नाही. कोणते काम केव्हा करायचे, हे ठरविले तर सुटते. आणि ते ठरविताना सुरुवात करावी लागते ती दह्यापासून, कारण या साऱ्या बेतात घाई न चालणारा पदार्थ तोच एक.

आठ माणसांसाठी दोन लिटर दूध पुरते. म्हशीचे किंवा पिशवीतील ‘फुल क्रीम’ दूध घ्यावे. त्यात निदान सहा टक्के स्निग्धांश असतो. टोन्ड दुधात तो तीन टक्केच असल्याने चक्का कमी पडतो आणि कोरडाही होतो. अष्टमीच्या रात्री दूध तापवून, बोटाला सोसेल इतके कोमट झाल्यावर विरजण लावावे. ऑक्टोबरच्या उष्म्यात दही पाच-सहा तासांत लागते. ते लागताच फ्रिजमध्ये ठेवावे. रात्रभर ओट्यावर राहिले तर सकाळी आंबट झालेले असते, आणि तो आंबटपणा झाकण्यासाठी मग साखर वाढवीत जावे लागते. अनेक घरांतील श्रीखंड अति गोड होते त्याचे कारण बहुधा हेच असते.

नवमीच्या सकाळी दही स्वच्छ मलमलीच्या फडक्यात बांधावे. पूर्वी पुरचुंडी खुंटीला टांगीत. या दिवसांत त्याऐवजी ती चाळणीत ठेवून, खाली पातेले घेऊन, वर हलके वजन ठेवून फ्रिजमध्येच निथळू द्यावी. आठ-दहा तासांत साधारण आठशे ग्रॅम घट्ट चक्का मिळतो. तयार चक्का आणणाऱ्यांनी तो दुकानातच चाखून घ्यावा. सणाच्या गर्दीत शिळा चक्काही खपतो, आणि पिठाची भेसळ असल्याची शंका आली तर थोडा चक्का पाण्यात कालवून आयोडिनचा थेंब टाकावा. निळा रंग आला तर त्यात पिष्ट आहे असे समजावे. परदेशातील मराठी घरांमध्ये साधे, साखर नसलेले ग्रीक योगर्ट वापरले जाते. तेही दोन-तीन तास फडक्यात निथळले तर उत्तम साधते.

आठशे ग्रॅम चक्क्याला सहाशे ते सातशे ग्रॅम साखर पुरे. बरोबरीने साखर घालण्याची जुनी रीत आंबट चक्क्याला ठीक होती; ताज्या चक्क्याला ती जड होते. साखर मिसळल्यावर मिश्रण सैल पडते आणि नवखी गृहिणी घाबरते. यात बिघडलेले काही नसते. साखर चक्क्यातील पाणी ओढून घेऊन विरघळते, एवढेच. दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवून मग पुरणयंत्रातून काढावे. गारव्याने ते पुन्हा घट्ट होते. मिक्सरचा मोह मात्र टाळावा. त्याच्या पात्यांनी चक्क्याची बांधणीच मोडते आणि श्रीखंडाचे पातळ खीरवजा काहीतरी होते. कोमट दुधात खललेले केशर, वेलची, किंचित जायफळ आणि चारोळी एवढेच घालावे. नवमीच्या रात्री हे काम संपले, की दसऱ्याच्या दिवशी श्रीखंडाकडे पाहावेही लागत नाही.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. चरकसंहितेतील ऋतुचर्येने शरद ऋतूत दही वर्ज्य सांगितले आहे, आणि रात्री दही खाऊ नये असेही त्याच ग्रंथात अन्यत्र म्हटले आहे. तरीही महाराष्ट्राने याच ऋतूतल्या सणाला श्रीखंड निवडले! शास्त्र आणि रूढी यांचा हा जुना झगडा वाटीच्या आकारानेच मिटवावा. उपवासानंतरच्या पोटाला एक वाटी पुरे. आग्रहाची दुसरी वाटी नकोच. मधुमेह्यांसाठी साखर घालण्यापूर्वीच थोडा चक्का बाजूला काढून, त्यात केशर-वेलची घालून ठेवावी. पंक्तीत त्यांनाही वेगळे वाटत नाही.

चक्क्यातून निथळलेले लिटरभर पाणी मोरीत ओतणे हा अपव्यय आहे. त्याला थोडे बेसन लावून सुरेख कढी होते. पुऱ्यांची कणीकही त्यात भिजविता येते, पण निम्मे साधे पाणी मिसळून. या पाण्यात दुधातील साखर उतरलेली असल्याने नुसत्या त्यानेच भिजविलेल्या पुऱ्या फुगण्याआधी लाल होतात.

पुरीसाठी अर्धा किलो कणकेला दोन चमचे बारीक रवा आणि दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन घ्यावे. कणीक पोळीपेक्षा बरीच घट्ट असावी आणि वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा अधिक मुरू नये. सैल पडलेली कणीक तेल पिते. एवढ्यात लहान आकाराच्या पस्तीस-चाळीस पुऱ्या होतात. लाटताना पिठाऐवजी तेलाचे बोट लावावे, म्हणजे कढईत पीठ जळून तेल काळे होत नाही. कडा जाड आणि मध्य पातळ राहिला की पुरी फुगत नाही. पुऱ्या फुगत नाहीत म्हणून तेलाला दोष देणाऱ्यांनी आधी लाटण्याकडे पाहावे.

मसालेभाताला जुना तांदूळच हवा. दसऱ्याच्या सुमारास हळव्या जातीचे नवे भात निघू लागते. तोरणात खोवायला त्या लोंब्या शोभतात, पण नव्या तांदळात ओलावा अधिक असल्याने त्याचा भात गिच्च होतो. वर्षभराचा जुना कोलम घ्यावा आणि धुऊन अर्धा तास निथळू द्यावा. फोडणीत उभी चिरलेली तोंडली आणि काजू परतावेत, मग तांदूळ, दोन चमचे गोडा मसाला आणि मीठ घालून पुन्हा परतावे. पाणी दुप्पट, आणि तेही उकळते. गार पाण्याने शिजणे मध्येच थांबते आणि दाणा वरून फुटून आत कच्चा राहतो. ताजे मटार या महिन्यात महाग असतात आणि त्यांना पुरती गोडीही आलेली नसते. त्यांचा हट्ट नको.

कोथिंबीरवडीचे उंडे सकाळीच उकडून ठेवावेत. वड्या मात्र कढईत न तळता तव्यावर थोड्या तेलात परताव्यात. त्यांचा चुरा तेलात उतरला की मागून येणाऱ्या पुऱ्यांवर काळे ठिपके उठतात. अळूवडी करायची असेल तर काळ्या देठाची कोवळी पाने घ्यावीत आणि चिंचेत कंजूषी करू नये. बटाट्याच्या भाजीबद्दल सांगण्यासारखे काही नाही. कांदा नसावा आणि लिंबू असावे. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ पान वाढतानाच घालावे, म्हणजे तिला पाणी सुटत नाही.

आता त्या कढईकडे. पाने मांडण्यापूर्वी अर्धा तास सर्व पुऱ्या लाटून, एकमेकींवर न रचता, ओलसर फडक्याखाली पसराव्यात. लाटायला एक, तळायला एक आणि ताटे मांडायला एक अशी तीन माणसे असली आणि त्यांत घरातील पुरुष व मुले असली, तर चाळीस पुऱ्या अर्ध्या तासात होतात. झाऱ्याने निथळून कागद घातलेल्या डब्यात, झाकण किंचित उघडे ठेवून त्या भराव्यात. बंद डब्यात वाफ धरून त्या लुळ्या पडतात. अशा पुऱ्या तासभर नरम, पण कोमट राहतात, आणि गार श्रीखंडाबरोबर कोमट पुरी मुळीच वाईट लागत नाही. फुगलेली पुरी थेट पानात पडावी असा ज्याचा आग्रह असेल, त्याने पहिल्या पंक्तीला स्वतः झारा हाती घ्यावा.

भात, भाजी आणि कढी तोवर झाकून तयार असतात. पान मांडताना डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी. मसालेभातावर साजूक तूप, ओले खोबरे आणि कोथिंबीर. मठ्ठा शेवटी, आले आणि मिरची ठेचून लावलेला. उरलेले श्रीखंड, ओला चमचा न घालता झाकून ठेवले तर फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चांगले राहते. पुऱ्या मात्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर संपवाव्यात.