सड्यावरची नोंद

कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं, कातळशिल्पं, उघडी पडून होती. गुराख्यांना ती ठाऊक होती, गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होती. अभ्यासाच्या दप्तरात मात्र त्यांतल्या बहुतेकांची नोंदच नव्हती. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी यांनी ती शोधली. ही माणसं मुळात निसर्गात भटकणारी. त्यांनी सडे पायी पालथे घातले आणि शाळांतल्या मुलांना सांगितलं, ‘घरी आजी-आजोबांना विचारून या.’ मुलांनी विचारलं आणि एकेका गावातून नव्या ठिकाणांचा पत्ता लागत गेला. सगळ्या शोधातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

कशेळीला कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद, आणि त्याच्या देहाच्या आतच इतर प्राण्यांची गर्दी. उक्षीलाही हत्ती आहे. बारसू, देवीहसोळ, जांभरुण, रुंढे तळी, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ ही ठिकाणं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. फणसायमळची, कुशावती नदीच्या काठची चित्रंही 1993 साली अभ्यासकांना कळली ती गावकऱ्यांनी सांगितल्यामुळेच. या चित्रांचं नेमकं वय आणि अर्थ यांवर तज्ज्ञांचा खल चालू आहे, तो चालू राहील. चिरेखाणी मात्र थांबून राहत नाहीत. ज्या कातळाची नोंद नाही, तो वाचवायला कोणाला सांगणार?

असे शोध ऐकून स्थानिक इतिहासाच्या किंवा दुर्गभ्रमंतीच्या गटात नव्याने येणाऱ्याला वाटतं, आता उकरायचं, काहीतरी शोधून काढायचं. तसं करू नये. परवान्याशिवाय उत्खनन हा गुन्हा आहे आणि त्याहून वाईट म्हणजे एकदा थर विस्कटला की त्यातला पुरावा कायमचा गेला. आपलं काम पाहण्याचं, विचारण्याचं, लिहून ठेवण्याचं. मारुतीच्या देवळामागे कलंडलेली वीरगळ, म्हणजे वीराची स्मृतिशिळा, घ्या. बहुधा खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मोजपट्टी ठेवून समोरून फोटो घ्यावा, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा घ्यावा. झिजलेली अक्षरं तिरप्या उजेडातच उठून दिसतात, त्यासाठी दगडावर खडू किंवा पीठ घासायची गरज नसते. लांबी-रुंदी, जागेचं स्थानिक नाव, जमिनीचा मालक, गावात तिच्याबद्दल काय बोललं जातं, हेही त्याच दिवशी टिपावं. ऑइलपेंट चढवलेली वीरगळ दिसली की जीव कळवळतो, पण गावकरी ते भक्तीनेच करतात. त्यांच्याशी भांडू नये. पुढच्या वेळी रंग कशाला नको, ते शांतपणे समजावून सांगावं.

ठिकाणाचा अचूक पत्ता समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. गुप्तधनाच्या लालसेने जुनी देवळं आणि मूर्तींखालची जमीन खणणारे आजही आहेत. नाणी-दागिन्यांचा दफिना सापडलाच, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

गडांवर जाणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे आणि 2025 मध्ये बारा किल्ले जागतिक वारशात गेल्यापासून उत्साह आणखी वाढला आहे. टाक्यांतला गाळ काढणं, वाटेवरचं प्लॅस्टिक खाली आणणं हे चोख काम आहे. ढासळलेल्या तटाला सिमेंट थापणं हे मात्र नुकसानच. संरक्षित गडावर हात लावण्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी आणि टाक्यातून निघालेली खापरं, तोफगोळे गटातल्या कोणाच्या दिवाणखान्यात जाऊ देऊ नयेत.

ज्यांचे गुडघे चढणीला नकार देतात, त्यांच्यासाठी जुन्या मराठी कागदपत्रांची मोडी लिपी आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, माळ्यांवरची दप्तरं मागून मागून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड उभे केले. पहिला 1898 चा. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, त्यामागेही तेच होते. तरी घराघरांतल्या पेटाऱ्यांत वतनाचे, देवस्थानांचे, जमिनीच्या वादांचे कागद अजून आहेत आणि ते वाचणारे थोडे. मोडीचे वर्ग अनेक शहरांत चालतात, सराव सोडला नाही तर हात बसतो.

दिवाळीनंतर सड्यांवरचं गवत वाळायला लागतं. कातळशिल्पं बघायला आणि नवी शोधायला तो हंगाम चांगला. गावात शिरताना आधी पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटावं, कोणी जाणतं माणूस सोबत घ्यावं आणि टिपलेल्या नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवून यावं.