मोटारीचे समुद्रोल्लंघन

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाँग बीच किंवा ओकलंड यांसारख्या बंदरात आपली मोटार गोदीतील कारकुनाच्या स्वाधीन करून, तिच्या किल्लीची आणि कागदपत्रांची पावती खिशात घालून जो गृहस्थ हवाई बेटांवर कायमच्या वास्तव्यासाठी निघतो, तो स्वतः विमानाने सुमारे सहा तासांत होनोलुलूस उतरतो. परंतु त्याच्या मोटारीला तोच समुद्र लाटांच्या पातळीवरून ओलांडावयाचा असल्यामुळे तिचा निव्वळ जलप्रवासच सुमारे पाच दिवसांचा होतो आणि चढविणे, उतरविणे, तपासणी यांचा काळ धरला तर मालकाला तिची वाट आठवडे मोजीत पाहावी लागते. दोन्ही टोके एकाच राष्ट्राची, चलन एक, ध्वज एक आणि मध्ये जकातीचे नाकेही नाही. असे असूनही राज्याची वेस ओलांडून शेजारच्या शहरी मोटार नेणे आणि हवाईस मोटार नेणे यांत जे अंतर पडते, ते केवळ मैलांनी मोजता येण्याजोगे नाही. इतिहास, कायदा, व्यापार आणि निसर्ग या चारही दप्तरांत या प्रवासाची नोंद होत असते, आणि ती नोंद उलगडून पाहिली म्हणजे बेटावर राहण्याचा खरा अर्थ ध्यानी येऊ लागतो.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे २,१०० सागरी मैलांवर, पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी वसलेली ही बेटे १८९८ साली अमेरिकेने आपल्या राज्यास जोडली आणि १९५९ साली त्यांना पूर्ण घटकराज्याचा दर्जा मिळाला. होनोलुलूच्या रस्त्यावर पहिल्या मोटारी धावल्या त्या १८९९ साली, म्हणजे आपल्या मुंबईकरांना मोटारीचे प्रथमदर्शन घडले त्याच सुमारास. पण मोटारीच्या आधी तेथे समुद्रमार्ग स्थिर झाला होता. स्वीडनमध्ये जन्मलेल्या विल्यम मॅटसन या कप्तानाने १८८२ साली ‘एमा क्लॉडिना’ नावाचे तीन डोलकाठ्यांचे गलबत अन्नधान्य आणि मळ्यांना लागणारे सामान भरून सॅन फ्रान्सिस्कोहून हिलो बंदरी नेले, आणि परतताना तेथली साखर आणली. जाताना गरजेच्या वस्तू आणि येताना साखर, असा तो दुहेरी भरण्याचा व्यापार होता, व पुढे याच व्यापारातून त्याच्या नावाची जहाज कंपनी उभी राहिली; मोटारी वाहून नेण्याच्या धंद्यात ती आजही अग्रभागी आहे.

या कंपनीनेच ३१ ऑगस्ट १९५८ रोजी ‘हवाईयन मर्चंट’ या जहाजाच्या डेकवर प्रत्येकी २४ फूट लांबीचे २० कंटेनर चढवून पॅसिफिकमध्ये कंटेनर वाहतुकीचा आरंभ केला, आणि पुढल्याच वर्षी अलमेडा येथे असे कंटेनर उचलण्यासाठी खास बांधलेली यारी धक्क्यावर उभी राहिली. तोपर्यंत प्रत्येक पोते, प्रत्येक पेटी आणि प्रत्येक मोटार दोरखंडांच्या जाळ्यात घालून जहाजाच्या पोटात उतरवावी लागे, आणि त्या उतरवाचढवीत पत्रा चेपणे, काच फुटणे हे नित्याचेच असे. कालांतराने मोटारीसाठी याहूनही सोयीची रीत निघाली. जहाजाच्या कुशीतून धक्क्यावर एक भक्कम उतार टाकावयाचा, गोदीतील चालकांनी मोटारी आपल्याच चाकांवर आत न्यावयाच्या, एकावर एक रचलेल्या मजल्यांवर त्यांच्या रांगा लावावयाच्या आणि समुद्र खवळला तरी तसूभर हलू नये म्हणून प्रत्येकीला पट्ट्यांनी जमिनीशी जखडावयाचे, अशी ती पद्धत. मिसिसिपीतील कारखान्यात बांधलेले ‘जीन अ‍ॅन’ हे मोटारवाहू जहाज २००५ साली हवाईच्या मार्गावर आले.

हे जहाज अमेरिकेतच का बांधावे लागले, याचे उत्तर १९२० सालच्या सागरी व्यापारविषयक कायद्यात आहे. वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर वेस्ली जोन्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यानुसार अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेला जाणारा माल अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकी मालकीच्या, अमेरिकी ध्वज लावलेल्या आणि प्रामुख्याने अमेरिकी खलाशी असलेल्या जहाजांतूनच गेला पाहिजे. जपानहून निघालेल्या परदेशी जहाजाला होनोलुलूत जपानी मोटारी उतरविण्याची मुभा आहे. परंतु तेच जहाज लॉस एंजलिसला जाऊन परत फिरले, तर तेथली एकही मोटार त्याला होनोलुलूस आणता येत नाही. अमेरिकेत जहाज बांधण्याचा खर्च कोरिया किंवा जपान येथील खर्चाच्या कितीतरी पट असल्यामुळे तो भार शेवटी बेटावरील ग्राहकाच्या माथी येतो, असे या कायद्याचे टीकाकार म्हणतात. तर नियमित फेऱ्या, देशी जहाजबांधणी, खलाशांची रोजी आणि युद्धकाळी हाताशी असणारा नाविक ताफा यांची किंमत भाड्याच्या आकड्यांत मोजता येत नाही, असे त्याचे पुरस्कर्ते बजावतात. या वादात एक गोष्ट मात्र दोहोंच्या पलीकडली आहे. माउई बेटावरील साखरेचा शेवटचा मोठा मळा २०१६ साली बंद पडला, आणि मॅटसनच्या काळचा परतीचा माल नाहीसा झाला. भरून आलेले जहाज बहुतांशी रिकामे परत जाते, आणि त्या रिकाम्या परतीचे भाडेही येणाऱ्या मालावरच बसते.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी यांच्यासमवेत स्थापिलेल्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, तेव्हापासून भारताच्या किनाऱ्यावरील व्यापार भारतीय जहाजांनाच मिळावा या मागणीला धार आली. १९२८ साली साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात तसे विधेयकही मांडले होते. परकीय कंपन्यांनी भाडी पाडून देशी जहाजे बुडवावीत आणि मग एकट्यांनी बाजार काबीज करावा, हा त्या काळचा अनुभव होता. ज्या वालचंदांनी जहाजांसाठी इतका झगडा केला, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापून मोटारीच्या कारखान्याचाही पाया घातला, हे ध्यानी घेतले म्हणजे स्वदेशी जहाज आणि स्वदेशी मोटार या दोन्ही आकांक्षा एकाच मनात कशा नांदत होत्या ते दिसते. मात्र आपल्या किनाऱ्यावर जे संरक्षण पारतंत्र्याविरुद्धचे शस्त्र होते, त्याच तत्त्वाचा बोजा दूरच्या बेटावरील रहिवाशाला रोजच्या दूधभाकरीवर सोसावा लागतो. कायद्याचे मोल तो कोणाच्या अंगणात अंमलात येतो यावरही ठरते, एवढा विवेक या तुलनेतून घ्यावा.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. मोटार स्वतःच्या बळावर चालणारी आणि ब्रेक शाबूत असलेली असावी लागते. नोंदणीचा दाखला व मालकाचे ओळखपत्र सादर करावे लागते, आणि मोटार कर्जाऊ असेल तर ती समुद्रापार नेण्यास हरकत नसल्याचे सावकारी संस्थेचे लेखी संमतिपत्र जोडावे लागते, कारण तारण असलेली वस्तू तिच्या नजरेआड होणार असते. आगीच्या भयास्तव टाकीत पाव हिश्शाहून अधिक इंधन नसावे. घरसामान हलविणाऱ्याला मोटारीत भांडीकुंडी आणि पुस्तके कोंबण्याचा मोह होणे साहजिक आहे. पण मोटारीत खाजगी सामान ठेवू दिले जात नाही. स्वाधीन करतेवेळी प्रत्येक ओरखडा आणि पोचा तक्त्यावर टिपला जातो. मालकाने ती नोंद स्वतः तपासून, छायाचित्रे काढूनच सही करावी, कारण पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न निघालाच तर त्या कागदाखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

या सर्व अटींत एक अट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. मोटार आतून बाहेरून स्वच्छ धुतलेली असली पाहिजे; चाकांच्या खोबणीत, तळाशी वा गालिच्यात माती, पाने, बी-बियाणे राहिलेले आढळल्यास ती परत पाठविली जाऊ शकते. आपल्याकडे एके काळी समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे. येथे शुद्धी प्रस्थानापूर्वीच करावयाची असते, आणि ती परलोकासाठी नसून बेटावरील झाडापाखरांसाठी असते.

तिचे महत्त्व पटण्यास हवाईचाच इतिहास पुरेसा आहे. उसाच्या मळ्यांतील उंदरांचा नायनाट व्हावा म्हणून १८८३ साली जमैकाहून तेथे मुंगसे आणली गेली, आणि जमैकात ती त्याआधी अकरा वर्षे कलकत्त्याहून नेलेली होती. उंदीर हिंडतो रात्री, मुंगूस शिकार करते दिवसा. तेव्हा उंदीर राहिले ते राहिलेच, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या देशी पक्ष्यांची अंडी मात्र फस्त होऊ लागली. हे तरी जाणूनबुजून आणलेले प्राणी. नकळत आलेल्यांची कथा याहून बिकट आहे. चावऱ्या छोट्या आगमुंग्या हवाई बेटावर प्रथम १९९९ साली आढळल्या. ओहिया हा तेथील अरण्यांचा आधारवृक्ष. पावसाचे पाणी धरून ठेवणारी ही झाडे एका बुरशीने झपाट्याने मरू लागली, तिची ओळख २०१४ साली पटली आणि २०१८ साली ती कावाई बेटावरही सापडली. या बुरशीचे बीजकण मातीतून पसरू शकतात, म्हणून अरण्याकडे जाणाऱ्यांनी मोटारीची चाके आणि तळ साबणाने धुवावेत, अशी सूचना तेथे वारंवार दिली जाते. गुआम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालासोबत आलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने तेथील अरण्यपक्षी जवळजवळ नामशेष केले, आणि आज त्या बेटावरून निघणारा माल शिकविलेल्या कुत्र्यांकडून हुंगवून मगच पुढे सोडतात.

हीच धास्ती २००७ साली प्रत्यक्ष रस्त्यावर, किंबहुना पाण्यावर उतरली. माणसे आणि मोटारी एकत्र नेणारी ‘सुपरफेरी’ नावाची वेगवान नौकासेवा बेटाबेटांमध्ये सुरू झाली, तेव्हा पर्यावरणावरील परिणामांची रीतसर चौकशी न होताच तिला मोकळीक मिळाली म्हणून कावाईच्या नाविलिविली बंदरात लोक लाटांवरील फळ्या घेऊन तिच्या वाटेत उतरले. देवमाशांना होणारी इजा, रस्त्यांवरील गर्दी आणि मोटारींच्या चाकांबरोबर एका बेटाची कीड दुसऱ्या बेटावर जाण्याची भीती, हे त्यांचे आक्षेप होते. विधिमंडळाने तिच्या सोयीसाठी केलेला खास कायदा हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००९ मध्ये घटनाबाह्य ठरविला आणि ती सेवा थांबली. आजही एका बेटावरची मोटार दुसऱ्या बेटावर न्यावयाची तर ती मालवाहू तराफ्यावरच चढवावी लागते.

मोटार पोहोचली म्हणजे काम संपले असेही नाही. आगमनानंतर ३० दिवसांच्या आत तिची स्थानिक नोंदणी करावी लागते, अथवा जुन्या नोंदणीवर ती मुदतीपुरती चालविण्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि त्यापूर्वी सुरक्षिततेची तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते; वार्षिक कराची आकारणी वजनावर होत असल्याने अवजड मोटारीला तो जास्त बसतो. खाऱ्या वाऱ्याचा परिणाम रत्नागिरी-मालवणच्या रहिवाशांना वेगळा सांगावयास नको. हवाईत त्याला ज्वालामुखीच्या गंधकयुक्त धुक्याची जोड मिळते आणि पत्रा, नळ्या, सांधे गंजू लागतात. ज्या ओआहू बेटावर राज्यातील बहुसंख्य लोक राहतात, त्याची लांबी सुमारे ७० किलोमीटर आहे. दूरदेशीच्या महामार्गांसाठी घेतलेल्या प्रचंड मोटारीला तेथे पराक्रम गाजविण्यास वाव नसतो, आणि ती निकामी झाली तरी तिचे लोखंड पुन्हा जहाजानेच बाहेर न्यावे लागते.

म्हणून स्थलांतर करणाऱ्याने केवळ भाड्याचा आणि मोटारीच्या बाजारभावाचा ताळेबंद मांडून थांबू नये. मोटार सुस्थितीत, लहान आणि दीर्घकाळ टिकणारी असेल, तर बेटावर चढ्या दराने दुसरी घेण्यापेक्षा ती सोबत नेणे शहाणपणाचे. जुनी, अवजड किंवा अर्धी गंजलेली असेल, तर ती किनाऱ्यावरच विकून जाणे हे मालकाच्याही हिताचे आणि बेटाच्याही. चेन्नई किंवा कोलकात्याहून अंदमानात संसार हलविणाऱ्या आपल्या बांधवांनाही हाच विचार लागू पडतो. मुख्य भूमीवर एखादी चूक विस्तीर्ण प्रदेशात विरून जाते. बेटाला मात्र तशी ऐसपैस जागा नसते, तेथे आणलेली प्रत्येक वस्तू आणि तिच्यासोबत आलेला प्रत्येक जीव दीर्घकाळ मुक्काम करतो. आपल्या सोयीची वस्तू नेताना ती त्या भूमीला पेलवेल काय, हा प्रश्न प्रथम विचारणे आणि उत्तर होकारार्थी आले तरच ती निर्मळ करून नेणे, हे नव्या रहिवाशाचे आपल्या नव्या शेजाऱ्यांप्रति पहिले कर्तव्य आहे, आणि ते जहाज सुटण्यापूर्वीच पार पाडावयाचे असते.