आधी इमेज, मग बाकी सगळे

जुलै १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये कमोडोर कंपनीने अमिगा हा नवा संगणक लोकांपुढे आणला. त्या समारंभात चित्रकार अँडी वॉरहॉलने गायिका डेबी हॅरीचे चित्र संगणकाच्या पडद्यावर रंगवून दाखवले. त्या यंत्रावर त्याने आणखीही चित्रे काढली. त्याच्या फ्लॉप्या पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात पोचल्या आणि पडून राहिल्या. पुढे कोरी आर्केन्जेल या कलावंताने पाठपुरावा केला, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबची मंडळी कामाला लागली, आणि २०१४मध्ये ती चित्रे जगासमोर आली.

नेहमीच्या पीसीला अमिगाची फ्लॉपी वाचता येत नाही. म्हणून क्लबच्या मंडळींनी क्रायोफ्लक्स हे उपकरण वापरले. चकतीवरचे चुंबकीय बदल कुठल्या क्षणी होतात तेवढेच ते नोंदवते. अर्थ लावण्याचे काम नंतर सॉफ्टवेअर करते. चित्रांच्या फाइलींची रचनाही अनोळखी निघाली. ती उकलण्याची खटपट करायला हाताशी प्रत होती, मूळ फ्लॉपीला पुन्हा पुन्हा त्रास द्यावा लागला नाही.

फाइल कॉपी करणे वेगळे आणि इमेज, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल, घेणे वेगळे. साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या फ्लॉपीला दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. गुणाकार १४,७४,५६० बाइट, आणि इमेज-फाइल नेमकी तेवढीच भरते. तिच्यात बूट सेक्टर येतो, फाइलींची नोंदवही येते, रिकामी दिसणारी जागाही येते. पुसलेल्या मजकुराचे अवशेष बहुधा त्या जागेतच सापडतात. लेखकाचा पहिला खर्डा शोधणाऱ्या अभ्यासकाला याहून मोलाचे काय असेल?

साध्या पीसी-फ्लॉपीसाठी विंडोजवर विनइमेज, लिनक्सवर डीडी हे प्रोग्राम पुरतात. बॅड सेक्टर असतील तर जीएनयू डीडीरेस्क्यू घ्यावा: तो आधी चांगला भाग उचलतो, अडलेल्या जागा टिपून ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. सुरुवातीलाच साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी करावी, म्हणजे चुकून काही लिहिले जाणार नाही.

इमेज पुन्हा फ्लॉपीवर उतरवणे मात्र वाटते तितके सरळ नाही. सव्वापाच इंची ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हवर लिहिली, तर त्या ड्राइव्हचे अरुंद हेड जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमधच लिहिते. कडांना जुनी खूण उरते आणि मूळ ३६० केबीचा ड्राइव्ह अडखळतो. म्हणून जुन्या यंत्रासाठी त्याच जातीचा ड्राइव्ह शोधावा.

मराठी छापखान्यांना आणि प्रकाशकांना हे काम आज करण्याजोगे आहे. नव्वदच्या दशकातला डीटीपीचा मजकूर युनिकोडमध्ये नाही. श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींच्या फॉन्टनुसार त्याचे संकेत बदलतात. मजकुराची फ्लॉपी वाचली आणि फॉन्टची गेली, तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे दिसतील. म्हणून फॉन्टच्या फ्लॉप्यांचीही इमेज घ्या, लेबलाचा फोटो काढा, दोन ठिकाणी जपा. सोनीने फ्लॉपीची विक्री २०११मध्येच थांबवली. कपाटात फ्लॉप्या असतील, तर त्या या दिवाळीतच बाहेर काढा.